गाठीवरचा शिक्का : संकेतस्थळांवर बाहेरून येणाऱ्या फाईली आणि आपला विश्वास

२०२१च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद आता पुण्यात मुलाकडे राहतात. त्यांचा फोन आला, "सर, आपण वाचनालयाची वेबसाईट विकली का?"

मी म्हटले, "नाही हो. काय झालं?"

"गुगलवर आपलं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं येतात. बुटांच्या जाहिराती आहेत म्हणे. नातवानं भाषांतर करून सांगितलं."

मी लगेच संगणक उघडला आणि पत्ता टाकला. सगळे जागच्या जागी होते. इमारतीचा फोटो, वाचनालयाच्या वेळा, जुन्या अंकांची यादी, "आपले साहित्य येथे पाठवा" हा चौकोन, काहीही हललेले नव्हते. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे गुगलवरून गेलो. आमच्या नावाखाली, आमच्याच पत्त्यावर, आम्ही न लिहिलेली शेकडो पाने उभी होती. पत्ता थेट टाकणाऱ्या माणसाला नेहमीचे वाचनालय दिसायचे आणि गुगलच्या यंत्राला बुटांचे दुकान. अशा हल्ल्याला जगभर "जपानी शब्दांचा हल्ला" असेच नाव आहे, हे मला नंतर कळले.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले आमचे वाचनालय शासनमान्य, 'ब' वर्गाचे. एके काळी इथली शिक्षक मंडळी हस्तलिखित दिवाळी अंक काढत. असे अकरा अंक कपाटात होते. २०१७ मध्ये गावातल्याच एका मुलाने ते स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आणि पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला. नंतरच्या एका पावसाळ्यात कपाटामागची भिंत पाझरली, वाळवी लागली आणि मूळ अंक गेले. "स्कॅन आहेत ना," असे म्हणून आम्ही समाधान मानले होते.

फोन आला त्या रात्री त्या मुलाने पुण्यातून शोधाशोध केली. ऑक्टोबर २०१९च्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठांच्या चित्रांत एक फाईल अशी होती, जी चित्र नव्हती. ती त्याने काढून टाकली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. आठवड्याभरात जाहिराती परत आल्या. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने खाते बंद केले. मुदतीत सफाई करा, नाहीतर सगळे पुसले जाईल, अशी सूचना तिने एका ईमेलवर पाठवली होती. तो ईमेल कोणीही उघडत नव्हते. मुदत संपली. अकरापैकी सात अंक एका सभासदाच्या पेनड्राइव्हवर सापडले. चार गेले ते गेलेच.

या चार अंकांमुळे मी हा विषय शिकायला घेतला. मी संगणकतज्ज्ञ नाही. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पण शिकताना लक्षात आले की यात गूढ फार थोडे आहे. आमच्याकडे कोणी भिंत फोडली नव्हती. दार आम्हीच ठेवले होते आणि त्यावर पाटीही आम्हीच लावली होती. प्रश्न एवढाच होता, की त्या दारातून आत आलेल्या वस्तूला आम्ही कुठे ठेवले आणि तिचे किती ऐकले.

हिंगणघाटची गाठ

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटचा कापूस स्वतंत्र नावाने ओळखला जाई आणि त्या नावाला भाव होता. ज्या नावाला भाव असतो त्या नावाखाली दुसरा माल घुसतोच. गाठीच्या बाहेरच्या थरात चांगली रुई, आत हलकी रुई, सरकी किंवा माती, असे प्रकार सर्रास चालत. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा निघाला. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. तो १८६३चा नववा कायदा.

पुढे १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. त्याने प्रत्येक प्रेसवर बंधन घातले, की दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे. माल आणणारा त्याला काय म्हणतो यापेक्षा तो कुठल्या प्रेसमध्ये दाबला गेला आणि त्याचा क्रमांक काय, हे महत्त्वाचे ठरले. गाठ फोडल्यावर आत माती निघाली तर मागे चालत जाऊन कारखान्यापर्यंत पोचता येऊ लागले.

संकेतस्थळावर येणारी फाईल ही अशीच एक गाठ असते. तिच्यावरचे नाव पाठवणारा लिहितो.

फाईल आत येते म्हणजे काय होते

सुरुवातीच्या काळात इंटरनेटवरचे पान फक्त वाचायचे असे. वाचकाने उलट दिशेने फाईल पाठवावी ही सोय नंतरची. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या दोघा अभियंत्यांनी तिचा आराखडा प्रसिद्ध केला. आज आपण परीक्षेचा अर्ज भरताना फोटो चढवतो किंवा संपादकांना कविता पाठवतो, तेव्हा मुळात तीच पद्धत वापरतो.

या पद्धतीत पाठवणाऱ्याकडून तीन गोष्टी जातात : फाईलचे नाव, फाईल कुठल्या प्रकारची आहे याचे एका ओळीचे सांगणे, आणि प्रत्यक्ष मजकूर. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे पाठवणाऱ्याचा शब्द. "कविता.पीडीएफ" असे नाव आणि "हा पीडीएफ आहे" असे सांगणे, यांवरून आत पीडीएफच असेल असे अजिबात ठरत नाही.

मजकूर तपासला तरी काम संपत नाही. पुष्कळ प्रकारच्या फाईलींची सुरुवात ठरलेल्या अक्षरांनी होते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. जीआयएफ चित्राच्या आरंभी जीआयएफ आणि पुढे ८७ए किंवा ८९ए. अनेक प्रोग्रॅम एवढेच पाहून फाईल आत घेतात. पण खरोखरीचे, डोळ्यांना दिसणारे चित्रही असे बनवता येते, की त्याच्या टिपणाच्या जागी संगणकाला द्यायच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. वरचा थर चांगल्या रुईचा आणि आत माती.

तरीही खरा धोका इथे नाही. माती आत आली म्हणून कोणी मरत नाही. ती एका कोपऱ्यात पडून राहील. धोका येतो तो पुढच्या पायरीवर.

साठवण आणि हुकूम

आपल्याकडच्या बहुतेक लहान संस्थांची संकेतस्थळे वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर चालतात. ती २७ मे २००३ रोजी आली. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक तिच्यावर उभी आहेत. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. कुणी पान मागितले की सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते तो संगणक, पीएचपीची फाईल उघडतो आणि तिच्यात लिहिलेल्या आज्ञा पाळतो. चित्राची फाईल मागितली तर तो ती जशीच्या तशी पाठवून देतो.

म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने दोन प्रकारच्या वस्तू असतात. काही वस्तू द्यायच्या असतात आणि काहींचे ऐकायचे असते. यातले काय करायचे हे तो बहुतेक वेळा फाईलच्या नावाच्या शेपटीवरून ठरवतो. ते नाव तर बाहेरच्या माणसाने दिलेले. आलेल्या फाईलीच्या नावाच्या शेवटी पीएचपी ही अक्षरे टिकून राहिली, ती फाईल बाहेरून मागता येईल अशा फोल्डरमध्ये पडली आणि त्या फोल्डरमध्ये आज्ञा पाळण्याची मुभा असली, की या तीन गोष्टी जुळताच कोठारात ठेवलेली वस्तू मालक होते. हल्लेखोर त्या फाईलचा पत्ता आपल्या संगणकात टाकतो आणि सर्व्हर तिच्यातल्या आज्ञा पाळू लागतो. एका ओळीची फाईलही पुरते. मग तिच्याकरवी आणखी फाईली ठेवता येतात, पासवर्ड वाचता येतात, बुटांची दुकाने उभारता येतात. आमच्या मुलाने पहिली फाईल काढली तेव्हा तिची पिल्ले इतरत्र होती, म्हणून जाहिराती परत आल्या.

तीनपैकी एक जरी गोष्ट तोडली, तरी साखळी तुटते. हे इतके सोपे असेल तर चुका का होतात? याचे उत्तर प्लगइनमध्ये आहे. वर्डप्रेसची मूळ इमारत साधी आहे. अर्ज, चित्रांची रांग, देणगीची पेटी, वार्तापत्र या सोयी प्लगइन नावाच्या जोडकामातून येतात. २००४ पासून ही मुभा आहे आणि वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत आज पन्नास हजारांहून अधिक प्लगइन आहेत. कुणी कंपनीने लिहिलेले, कुणी एकट्याने रात्री जागून. त्या प्रत्येकाने आपल्या दारावर कुणावर तरी विश्वास ठेवलेला असतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या मोठ्या घटना पाहिल्या, तर हा विश्वास पाच प्रकारांनी चुकलेला दिसतो.

पाच चुकलेले विश्वास

पहिला विश्वास गावाच्या नावावर. टिमथंब हा छोटा प्रोग्रॅम चित्रे लहान करून देत असे आणि असंख्य संकेतस्थळांच्या सजावटीत तो आधीच बसवलेला असे. तो बाहेरची चित्रे फक्त फ्लिकर, ब्लॉगर अशा ठरावीक ठिकाणांहूनच आणायचा. पण पत्त्यात ते नाव कुठेही आले तरी त्याला चालायचे. मग कुणी आपल्या पत्त्याच्या सुरुवातीलाच "ब्लॉगर डॉट कॉम" ही अक्षरे जोडली आणि पुढे स्वतःचे नाव लावले. "हिंगणघाटवाले" अशी पाटी लावलेले दुकान हिंगणघाटात असेलच असे नाही, तसेच हे. शिवाय आणलेली फाईल सर्वांना मागता येईल अशाच फोल्डरमध्ये ठेवली जाई. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर यांना स्वतःच्याच संकेतस्थळावर न लावलेल्या जाहिराती दिसल्या, आणि शोध घेता घेता हे उघड झाले.

दुसरा विश्वास माणसाच्या ओळखीवर. मेलपोएट हे वार्तापत्रे पाठवण्याचे प्लगइन. त्यात नवी सजावट चढवण्याची सोय होती आणि ती फक्त व्यवस्थापकासाठी होती. अमुक खोलीत आलेला माणूस व्यवस्थापकच असणार, असे लिहिणाऱ्याने धरले होते. पण त्या खोलीला मागचे दार होते आणि ते कुणालाही उघडे होते. जुलै २०१४ मध्ये सुकुरी या सुरक्षा कंपनीने हे जाहीर केले. तोवर हे प्लगइन सतरा लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले होते. दुरुस्ती लगेच आली, पण ती न लावलेल्या हजारो संकेतस्थळांवर पुढच्या काही आठवड्यांत हल्ले झाले. एकाच सर्व्हरवर शेजारी भाड्याने राहणारी, मेलपोएट न वापरणारी संकेतस्थळेही त्यात सापडली. स्वस्तातली सामायिक जागा घेणाऱ्या संस्थांनी ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

तिसरा विश्वास शेजाऱ्याच्या पहाऱ्यावर. जेक्वेरी फाईल अपलोड हे फाईली चढवण्याचे अत्यंत लोकप्रिय साधन. आलेल्या फाईलीचे ऐकू नये ही सूचना त्याच्या लेखकाने फोल्डरमध्ये एका चिठ्ठीत लिहून ठेवली होती. अपाचे हा सर्व्हर अशा चिठ्ठ्या वाचून पाळत असे. पण नोव्हेंबर २०१०च्या आवृत्तीपासून अपाचेने, वेग आणि सुरक्षितता यांसाठी, मुद्दाम सांगितल्याशिवाय अशा चिठ्ठ्या वाचणे बंद केले. चिठ्ठी तिथेच राहिली, वाचणारा गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये अकामाई कंपनीचे लॅरी कॅशडॉलर यांनी ही गोष्ट उजेडात आणली, तोवर आठ वर्षे उलटली होती. त्या साधनावरून इतरांनी हजारो नव्या आवृत्त्या बनवल्या होत्या, त्यांतही हेच दार उघडे राहिले. यात कुणाचा आळस दाखवता येत नाही. दोघांनीही आपापल्या जागी शहाणपणाचेच केले होते.

चौथा विश्वास मागे राहिलेल्या सामानावर. डब्ल्यूपी फाईल मॅनेजर सात लाख संकेतस्थळांवर होते. त्याने एल-फाईंडर या तयार साधनाचा उपयोग केला होता. त्या साधनासोबत एक नमुन्याची फाईल येते आणि ती चालू नये म्हणून तिच्या नावाला मुद्दाम वेगळी शेपटी लावलेली असते. चाचणीसाठी कुणीतरी ती शेपटी काढली आणि पुन्हा लावायची राहून गेली. जवळपास चार महिने ही फाईल पासवर्डशिवाय जगाला उघडी होती. १ सप्टेंबर २०२० रोजी फिनलंडमधल्या सेराव्हो कंपनीने हे कळवले आणि काही तासांतच दुरुस्ती आली. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : आत शिरलेल्या काही हल्लेखोरांनी त्याच फाईलीला स्वतःचा पासवर्ड लावला, दुसरा चोर येऊ नये म्हणून. मालकाने जे करायला हवे होते ते चोराने केले.

पाचवा विश्वास अक्षरांवर, आणि हा मराठी माणसाच्या फार जवळचा आहे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे २०२० मध्ये पन्नास लाख संकेतस्थळांवर असलेले अर्जाचे प्लगइन. धोक्याची शेपटी नावात दिसली तर ते ती निरुपद्रवी करून टाकत असे. पण नावात डोळ्यांना न दिसणारी काही चिन्हे घातली तर तपासणी फसायची. डिसेंबर २०२० मध्ये एका भारतीय सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने ही चूक शोधली आणि लेखकाने लगेच दुरुस्ती केली. तपासणी लिहिणाऱ्याच्या मनात जी अक्षरे असतात तेवढीच तो तपासतो. आमच्याकडे लेखक फाईलींना "कथा अंतिम नवी २" अशी नावे देतात. देवनागरी नाव आले की कित्येक अर्ज फाईल नाकारतात. मग कोणीतरी वैतागून तपासणीच सैल करतो. देवनागरीवर बंदी घालणे किंवा दार सताड उघडे टाकणे, हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. फाईलीला आत घेताना स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तिचे मराठी नाव वेगळ्या नोंदीत जपावे. १९२५च्या कायद्याने गाठींच्या बाबतीत हेच सांगितले होते.

पुण्यातली एक दुरुस्ती

हे सारे परदेशात घडते असे वाटू नये म्हणून आपल्याकडचे उदाहरण देतो. पुण्यातल्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची प्लगइन जगभर लाखो संकेतस्थळांवर चालतात. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या "अल्टिमेट अ‍ॅडऑन्स" नावाच्या दोन प्लगइनमध्ये चूक सापडली. फेसबुक किंवा गुगलच्या ओळखीने आत येण्याच्या सोयीत पडताळणी अपुरी होती. व्यवस्थापकाचा ईमेल पत्ता माहीत असलेला कुणीही पासवर्डविना व्यवस्थापक होऊ शकत होता. आत शिरलेल्यांनी पुढे काय केले? आकडेवारीचे प्लगइन असल्याचे भासवणारी एक फाईल चढवली आणि तिच्याकरवी कायमचे चोरदार बसवले. सुरुवात कुठूनही होवो, फाईल चढवणे ही बहुतेक वेळा पुढची पायरी असते.

कंपनीने कळल्यापासून काही तासांत दुरुस्ती दिली. यापेक्षा चोख वागणे अवघड आहे. पण पुण्यात झालेली दुरुस्ती आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या संकेतस्थळावर आपोआप पोचतेच असे नाही. तिथे कुणीतरी "अद्ययावत करा" हे बटण दाबावे लागते. प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आली, तीही आपण चालू केली तर. चुकीची बातमी प्रसिद्ध झाली की हल्लेखोरांची यंत्रे जगभरची संकेतस्थळे एकामागून एक ठोठावत सुटतात. त्यांना वाचनालय आणि बँक यांत फरक दिसत नाही. "आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?" असे आम्ही म्हणत होतो. त्यांना आमचे पुस्तक नको होते; त्यांना आमचा पत्ता हवा होता, वर्षानुवर्षे चांगले नाव असलेला.

आमच्या बाबतीत दुरुस्ती दीड वर्ष आधीच निघालेली होती. ती आम्ही लावली नाही, कारण एकदा लावली तेव्हा मराठी अक्षरे विस्कटली होती आणि ती सरळ करणारा मुलगा पुण्यात होता. तेव्हा सर्वानुमते ठरले, की आता कशाला हात लावायचा नाही. कार्यवृत्तात तसा ठराव आहे. त्यावर माझीच सही आहे.

दिसणारी चोरी आणि न दिसणारी

१४ जून २०२२ रोजी ठाणे शहर पोलिसांचे संकेतस्थळ उघडणाऱ्यांना तिथे भलत्याच गटाचा संदेश दिसला. तो हल्ला स्वतःची जाहिरात करणारा होता, म्हणून लगेच कळला. साहित्यसंस्था, नियतकालिके, वाचनालये यांच्या वाट्याला बहुधा दुसरी चोरी येते, मालकापासून लपून राहणारी. महिनोन्‌महिने ती चालते आणि शेवटी कुठल्यातरी सभासदाच्या नातवाला दिसते.

कायदा यात काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे हा गुन्हा आहेच. जानेवारी २००४ पासून काम करणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाने कंपन्यांना, सेवा देणाऱ्यांना आणि सरकारी कार्यालयांना अशी घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती नीट न जपणाऱ्यासाठी अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सभासदत्वाच्या अर्जासोबत आधारची प्रत संकेतस्थळावर मागणाऱ्या संस्थांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. ती प्रत खरोखर हवी आहे का, हा प्रश्न त्याआधी विचारावा.

मग करायचे काय

तांत्रिक काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. पण त्याला काय विचारायचे हे कार्यकारिणीला ठाऊक असायला हवे. विचारायचे प्रश्न थोडे आहेत.

बाहेरून आलेल्या फाईली जिथे पडतात, त्या फोल्डरमध्ये सर्व्हर आज्ञा पाळतो का? पाळत असेल तर ते बंद करून घ्या. सर्व्हरच्या मांडणीत दोन-चार ओळींचे हे काम आहे आणि बाकी सगळे चुकले तरी एवढे एक पुष्कळ वाचवते. शक्य असेल तर त्या फाईली थेट पत्त्याने मागताच येणार नाहीत अशा जागी ठेवा.

कुठल्या फाईली नाकारायच्या याची यादी आहे, की कुठल्या घ्यायच्या याची? नाकारण्याची यादी कधीच पुरी होत नाही. घ्यायची यादी दोन ओळींत संपते. दिवाळी अंकाला पीडीएफ, वर्डची फाईल आणि जेपीईजी चित्र एवढे पुरते.

फाईलीला नवे नाव कोण देतो? संकेतस्थळाने द्यावे. चित्र असेल तर ते नव्याने रेखून साठवावे. त्यात दडलेले बरेचसे गळून पडते.

कुठली प्लगइन बसवलेली आहेत, त्यांतली कुठली खरोखर वापरात आहेत आणि शेवटची दुरुस्ती कधी लावली? न वापरलेले प्लगइन नुसते बंद करून भागत नाही. त्याच्या फाईली सर्व्हरवर असतातच. ते काढून टाकावे.

सर्वांत शेवटी, प्रत कुठे आहे? संकेतस्थळ म्हणजे जपणुकीची जागा नव्हे. ते दाखवण्याचे कपाट आहे. अंक स्कॅन केला तर त्याची एक प्रत वाचनालयातल्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी असली पाहिजे. आमचे चार अंक हल्लेखोराने नेले असे मी म्हणत असे. आता म्हणत नाही. त्याला ते अंक आहेत हेसुद्धा माहीत नव्हते. एकच प्रत ठेवून निर्धास्त झालो ते आम्ही.

दाखल क्रमांक

आमच्या वाचनालयात एक जाड नोंदवही आहे. पुस्तक विकत घेतलेले असो, देणगीत आलेले असो, लेखकाने सही करून दिलेले असो, ते आधी टेबलावर येते. ग्रंथपाल पाने चाळून पाहतात, नोंदवहीत ओळ लिहितात, दाखल क्रमांक देतात, शिक्का मारतात. मगच पुस्तक कपाटात जाते. मुखपृष्ठावर काय छापले आहे यावरून क्रमांक ठरत नाही. हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. संकेतस्थळ काढले तेव्हा मात्र यातले काहीही आम्हाला आठवले नाही. तो कपाटापर्यंतचा रस्ता आम्ही थेट रस्त्यावरच्या माणसाला उघडून दिला होता.

आता नवे संकेतस्थळ आहे. साहित्य पाठवण्याचा चौकोन पुन्हा ठेवला आहे, कारण नागपूर-पुण्यात गेलेली मुले तिथूनच कविता पाठवतात आणि ते दार बंद करणे म्हणजे वाचनालय बंद करणे. आलेली फाईल क्रमांक घेऊन बाजूच्या जागेत थांबते. ग्रंथपाल दर शनिवारी ती उघडून पाहतात आणि त्याच जाड नोंदवहीत तिची ओळ लिहितात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्लगइन तपासली जातात आणि तारीख फळ्यावर लिहिली जाते. तो जुना ठराव आम्ही रद्द केला.

गेलेल्या चार अंकांपैकी एकाची अनुक्रमणिका एका माजी शिक्षिकेला तोंडपाठ होती. ती त्यांच्याकडून लिहून घेतली आहे. नोंदवहीत तिला दाखल क्रमांक दिला आहे आणि "प्रत उपलब्ध नाही" असा शेरा मारला आहे.